गळीत हंगामातील थंडी आणि गोठ्यातील गव्हाण



कारखान्यात ज्या जागी मोळी टाकून हंगामाचा शुभारंभ होतो तिला आपण गव्हाण म्हणतो आणि गोठ्यात जनावर जिथे तोंड घालून खाते तिलाही गव्हाणच म्हणतो. पहिल्या गव्हाणीला ऊस कमी पडू नये म्हणून शेतकी खात्याचा स्टाफ, चिटबॉय, मुकादम आणि वाहनवाले रात्रंदिवस धावत असतात. दुसऱ्या गव्हाणीकडे मात्र या चार-पाच महिन्यांत कुणाचे म्हणावे तसे लक्ष नसते. तोड कधी मिळणार, टोळी कधी येणार, खोडव्याला पाणी कधी द्यायचे, या धांदलीत घरातला कर्ता माणूस गोठ्यात डोकावतो तो फक्त धारेच्या वेळी. आणि नेमकी हीच वर्षातली सर्वात जास्त थंडीची वेळ असते.

आम्ही ऊस विकासाचे काम करणारी माणसं. जनावरांच्या औषधपाण्याची विद्या पशुवैद्यकांची, ती आमची नव्हे. पण गटात फिरताना उसाच्या बांधावरून गोठा दिसतोच आणि चहाला बसलो की गोष्ट गाई-म्हशींवर येतेच. दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत एकच वाक्य ऐकू येते, “साहेब, थंडीनं दूध तोडलं.” हे वाक्य कितपत खरे, याचा थोडा विचार करावयाचा आहे. आमच्या मते बहुतेक गोठ्यांत दूध थंडीने तुटत नाही, वाढ्याने तुटते.

थंडी नेमकी कुणाला बाधते

आपल्या गोदावरी-प्रवरेच्या पट्ट्यात डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर पहाटेचा पारा बऱ्याचदा दहा अंशांखाली जातो. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर तो पाच अंशांच्याही खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. माणसाला ही थंडी कडक वाटते. पण होलस्टीन जात मुळात थंड मुलखातली. पोटभर खाल्लेली, अंगाने कोरडी आणि वाऱ्याच्या आड बांधलेली मोठी संकरित गाय पाच-सहा अंशांना सहज तोंड देते. उलट एप्रिल-मेच्या उन्हाने ती जितकी खचते तितकी थंडीने खचत नाही. म्हणजे एवढ्या थंडीत दोन-तीन लिटर दूध कमी झाले असेल, तर पारा बघत बसण्याआधी गव्हाणीत काय पडते ते बघावे.

थंडीचा खरा त्रास होतो तो तीन प्रकारच्या जनावरांना. पहिले म्हणजे लहान वासरू आणि रेडकू. त्याच्या अंगावर चरबी नसते आणि पोटातली भट्टी अजून पेटलेली नसते. नवजात वासराला बारा-पंधरा अंशांच्या खालीच अंग गरम ठेवायला जादा शक्ती खर्चावी लागते. दुसरी म्हैस. काळी कातडी आणि विरळ केस यांमुळे तिला ऊनही सोसत नाही आणि गारठाही सोसत नाही. तिसरे म्हणजे भुकेले, रोडावलेले जनावर, मग ते कोणत्याही जातीचे असो.

‘पोटातली भट्टी’ हा शब्द आम्ही उगीच वापरला नाही. गाय-बैल-म्हैस यांच्या कोठीपोटात चाऱ्यातला तंतुमय भाग आंबत असतो आणि त्या आंबण्यातून उष्णता तयार होते. कडबा, वाळलेले गवत असा चारा हळूहळू आंबतो म्हणून तो रात्रभर ऊब देतो. म्हणून थंडीच्या दिवसांत वाळलेल्या चाऱ्याचा मोठा हिस्सा संध्याकाळी उशिरा टाकावा. बऱ्याच ठिकाणी उलटे चालते. दिवसा भरपूर टाकतात, सातला धार काढली की दार लोटून घेतात आणि जनावर पहाटेपर्यंत रिकाम्या गव्हाणीसमोर उभे राहते. पहाटे चार ते सात हा सर्वात थंड वेळ, आणि त्याच वेळी भट्टीत सरपण नसते.

दुसरी गोष्ट ओल आणि वारा. १ व २ डिसेंबर २०२१ चा अवकाळी पाऊस सभासदांना आठवत असेल. त्या दोन दिवसांत जुन्नर, आंबेगाव, पारनेर, संगमनेर या भागांत मोठ्या संख्येने मेंढ्या गारठून मेल्या. पारा काही पाच अंशांवर गेला नव्हता. मेंढ्या उघड्यावर होत्या, अंग भिजले, वरून वारा सुटला आणि दोन दिवस चरायला मिळाले नाही. कोरड्या थंडीपेक्षा ओल, वारा आणि उपास यांचा हा मेळ जनावराला फार लवकर आडवा करतो. गोठ्यातही लहान प्रमाणात हेच घडते. खाली मूत साचलेले, उत्तरेकडून भणभण वारा आणि पोटात नुसते वाढे.

वाढ्याचा हिशेब

आता मूळ विषयाकडे येऊ. हंगाम सुरू झाला की आपल्या भागात वाढ्यांचा सुकाळ होतो. घरचा फड तुटत असेल तर वाढे दारात येतात, नसेल तर टोळीकडून शेकड्याने पेंढ्या मिळतात. हिरवेगार दिसते, जनावर आवडीने खाते, कापायचा त्रास नाही. मग कडब्याची गंज उन्हाळ्यासाठी राखून ठेवली जाते, घासाचे आळे मोडून तिथे ऊस लावलेला असतो आणि चार महिने जनावर वाढ्यावर काढते. वाढे वाईट आहेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ऊसवाल्या शेतकऱ्याला निसर्गाने दिलेला हा आयता चारा आहे आणि तो वाया घालवणे किंवा फडात पेटवून देणे हे पाप आहे. पण तो पुरा चारा नव्हे.

थोडी आकडेमोड करू. आकडे ढोबळ आहेत, पण गणित समजण्यास पुरेसे आहेत. दावणीची गाय दिवसाला २५ किलो हिरवे वाढे खाते असे धरा. त्यातले पाणी वजा जाता कोरडा भाग सात किलोच्या आसपास उरतो. वाढ्यातील प्रथिनांचे प्रमाण कोरड्या भागाच्या पाच ते सहा टक्केच असते. म्हणजे गाईच्या पोटात दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम प्रथिने गेली. ४०० किलो वजनाच्या गाईला दूध न देता नुसते उभे राहायलाच जवळजवळ तेवढी लागतात. वर दहा लिटर दूध द्यायचे तर आणखी ८०० ते ९०० ग्रॅम हवीत. ती कुठून यायची? काही दिवस गाय स्वतःचे अंग झिजवून देते. मग बरगड्या दिसू लागतात, दूध उतरते, फॅट व डिग्री लागत नाही आणि आपण म्हणतो, “थंडीनं दूध तोडलं.”

अंबोण तर चालूच आहे, असे काही सभासद म्हणतील. ज्यांचे हिशेबाने चालू आहे त्यांच्यासाठी हे लिखाण नाही. परंतु आमचा अनुभव असा की वाढे मुबलक झाले की पेंडीचे माप आपोआप आखडते. हिरवे भरपूर आहे, मग पेंड कशाला, असा हिशेब घरात केला जातो. हिरवे म्हणजे सकस, ही समजूत घासाच्या बाबतीत खरी आहे, वाढ्याच्या बाबतीत नाही.

दुसरी भानगड ऑक्झॅलिक आम्लाची. वाढ्यात ते बऱ्यापैकी असते. पोटात गेल्यावर ते चाऱ्यातील कॅल्शियमला पकडून ठेवते आणि मग ते कॅल्शियम जनावराच्या उपयोगी न पडता शेणावाटे निघून जाते. दूध देणाऱ्या गाईच्या अंगातून दुधावाटे कॅल्शियम रोज बाहेर जातच असते. दोन्हीकडून गळती लागल्यावर हाडांतला साठा वापरला जातो. कोठीपोटातील जंतूंना हळूहळू सवय झाली तर ते यातले बरेचसे आम्ल मोडून टाकतात, म्हणून कालपर्यंत कडबा आणि आजपासून एकदम वाढे, असा बदल करू नये. आठ-दहा दिवसांत थोडे थोडे वाढवत न्यावे. वाढे कडबाकुट्टीतून काढावे, त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी. दुष्काळात ज्यांनी छावणीवर जनावरे नेली होती त्यांना हे नवीन नाही. याशिवाय दर जनावरामागे रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ अंबोणातून द्यावे. मीठ आपण देतो, खनिज मिश्रणाची पिशवी मात्र बऱ्याच घरी कोनाड्यात तशीच पडलेली दिसते.

मग द्यायचे काय? समजा ४०० किलो वजनाची, दहा लिटर दूध देणारी संकरित गाय आहे. तिला दिवसाला कुट्टी केलेले वाढे १२ किलो, लसूणघास १० किलो, ज्वारीचा कडबा ३ किलो आणि अंबोण साडेचार किलो, एवढे पुरेसे आहे. अंबोणाचा सर्वसाधारण नियम असा की गाईला अंगासाठी दीड किलो आणि वर प्रत्येक लिटर दुधामागे ४०० ग्रॅम. म्हशीला अंगासाठी दोन किलो आणि लिटरमागे ५०० ग्रॅम. चांगला घास दहा किलो देत असाल तर अंबोण किलोभर कमी करता येते, म्हणून वर साडेपाचाऐवजी साडेचार धरले आहे. थंडीची लाट असेल त्या आठ-पंधरा दिवसांत म्हशीला आणि रोड जनावराला भरडलेला मका किंवा बाजरी अर्धा किलो वाढवून द्यावी. गूळ द्यायचा तर शे-दीडशे ग्रॅम ठीक आहे.

इथे एक धोक्याची सूचना. थंडीत जनावराला ‘गरम’ खाऊ घालायचे म्हणून काही जण एकाच दिवशी तीन-चार किलो बाजरी शिजवून किंवा भोगी-संक्रांतीचे उरलेसुरले अन्न पाटी भरून टाकतात. माया समजू शकते. पण धान्य एकदम जास्त गेले की पोटात आम्ल तयार होऊन जनावर चारा सोडते, पातळ हगते आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर दगावतेही. तसेच सकाळी दवाने ओला असलेला कोवळा घास उपाशीपोटी टाकला तर पोट फुगते. घास कापून थोडा सुकू द्यावा, आधी कडब्याच्या चार काड्या पोटात जाऊ द्याव्यात. पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेले तिचे कोवळे धुमारे जनावराला चारू नयेत. त्याने किराळ लागते, हे जुनी माणसं सांगतात ते शंभर टक्के खरे आहे.

पाण्याकडेही लक्ष हवे. दहा लिटर देणारी गाय दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी पिते. रात्रभर हौदात राहिलेले बर्फासारखे पाणी सकाळी पुढे ठेवले तर ती चार घोट घेऊन मान वर करते. पाणी कमी गेले की चारा कमी खाल्ला जातो, शेण घट्ट होते आणि दूध घटते. यासाठी पाणी तापवत बसण्याची गरज नाही. विहिरीचे किंवा बोअरचे ताजे पाणी थंडीत कोमटच असते. मोटार सुरू झाली की हौद रिकामा करून ताजे पाणी भरावे. अडचण विजेची असते. रात्रीच्या पाळीची वीज असेल तर ऊस भिजवायला आपण रात्री उठतोच, पण त्या पाण्याने हौद भरला तर ते सकाळपर्यंत गार होते. अशा वेळी विहिरीतून पोहऱ्याने काढून पाजलेले बरे, किंवा ऊन चढल्यावर दुपारी बारा-एकला पोटभर पाजावे.

गारठलेली गाय की कॅल्शियम कमी पडलेली गाय

हा मुद्दा आम्ही मुद्दाम वेगळा काढून लिहीत आहोत, कारण यात जनावर हातचे जाते.

चांगली दुधाळ गाय, तिसऱ्या-चौथ्या वेताची. थंडीच्या दिवसांत व्याली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारा खाईना, मागचे पाय लटपटू लागले, मग बसली ती उठेना. कान गार, शिंगे गार, पाय गार, नाकपुडी कोरडी. मान वळवून बरगडीवर टाकलेली. घरातले सगळे म्हणतात, गाय गारठली. मग अंगावर घोंगड्या पडतात, शेकोटी पेटते, ओवा-गुळाचे गरम पाणी नळीने किंवा बाटलीने घशात ओतले जाते. रात्र अशीच जाते. असे प्रकार दर हंगामात एक-दोन तरी आमच्या कानावर येतात.

ही थंडीची बाधा नव्हे. व्याल्यानंतर एकदम दूध सुटते आणि रक्तातले कॅल्शियम झपाट्याने खाली येते, त्याचा हा आजार. याला दुधी ताप म्हणतात. नावात ताप आहे पण अंग उलट गार पडते, आणि हिवाळ्यात हाच सारा घोटाळा होतो. सामान्य गाईचे तापमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते, या गाईचे त्याहून खाली गेलेले असते. पशुवैद्यकांनी शिरेतून कॅल्शियम दिले की पुष्कळ वेळा तास-दोन तासांत गाय उठून उभी राहते आणि पाहणाऱ्याला चमत्कार वाटतो. रात्र घालवली तर तीच गाय सकाळी हाती लागत नाही.

म्हणून व्याल्यापासून तीन दिवसांत गाय बसून राहिली आणि तिचे कान गार लागले तर शेकोटी पेटविण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. रात्रीचे अकरा वाजले असले तरी करावा. डॉक्टर येईपर्यंत तिला एका कुशीवर पसरू देऊ नये. छातीवर बसती राहील अशा बेताने दोन्ही बाजूंनी पोती लावावीत, अंगावर झूल टाकावी. आणि तोंडाने काहीही पाजू नये. या अवस्थेत तिला नीट गिळता येत नाही. पाजलेले तेल, गूळपाणी, काढा फुप्फुसात उतरतो आणि कॅल्शियमने वाचली असती अशी गाय न्यूमोनियाने जाते.

आणखी एक. शेवटच्या महिन्यातील गाभण गाईला ‘आधीच ताकद यावी’ म्हणून बाटलीतले कॅल्शियम रोज पाजण्याची पद्धत पडली आहे. ती चुकीची आहे. बाहेरून आयते मिळू लागले की हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची सवय मंदावते आणि व्याल्यावर नेमक्या गरजेच्या वेळी ते निघत नाही. त्या महिन्यात काय द्यावे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. सारा दोष वाढ्यांचा आहे असेही आम्ही म्हणत नाही. पण चार महिने नुसत्या वाढ्यावर राहून व्यालेल्या गाईचा साठा मुळातच कमी असतो, हे विसरून चालणार नाही.

गोठा, वासरे आणि धार

गोठ्याच्या उत्तर-पूर्व बाजूला रात्री गोणपाट शिवून पडदे लावावेत किंवा तट्ट्या बांधाव्यात. छताखाली वीतभर फट मात्र ठेवावी. गोठा चोहोबाजूंनी प्लॅस्टिकने लपेटून टाकला तर आत मुताचा उग्र वास कोंडतो आणि वासरे खोकू लागतात. सकाळी आठ-नऊला ऊन आले की पडदे वर करून जनावरे उन्हात बांधावीत. गोठ्यात शेकोटी नको. धुराने छाती भरते हे एक, आणि दुसरे म्हणजे हंगामात आपल्या वस्तीवर सगळीकडे पाचट आणि वाळलेले वाढे पसरलेले असते. एक ठिणगी पुरते. दावे न सुटल्याने बांधल्या जागी होरपळलेली जनावरे ज्यांनी पाहिली आहेत ते पुन्हा गोठ्यात जाळ करीत नाहीत.

पाचटाचा खरा उपयोग बिछान्याला. खायला त्यात काही नाही, पण कोरडे पाचट चार-सहा बोटे अंथरले तर जनावराचे अंग फरशीला लागत नाही आणि मूतही शोषले जाते. भिजलेले रोज काढून उकिरड्यात टाकावे. आमच्या खात्याच्या दृष्टीने ते दुहेरी काम झाले, कारण शेणामुताने भिजलेले पाचट लवकर कुजते. सर्वच पाचट गोठ्यात आणा असे नव्हे. खोडव्याच्या सरीत ठेवण्याचे पाचट तिथेच राहू द्यावे, बिछान्याला चार भारे पुरतात.

वासराला जन्मल्यापासून तासाभरात चीक मिळालाच पाहिजे. वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही ही जुनी चाल अजून काही घरी दिसते. तिच्यापायी वासरू उपाशी आणि ओलेच गारठते. आधी कोरड्या पोत्याने खसाखसा पुसावे, मग चीक. दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर, दोन-तीन वेळा मिळून जावा. रात्री गोणपाटाची झूल घालावी, सकाळी काढून उन्हात टाकावी. ओली झूल नसल्यापेक्षा वाईट. रेडकांना दहाव्या दिवसाच्या सुमारास जंताचे औषध डॉक्टरांकडून घ्यावे. हिवाळ्यात रेडके मरतात त्यांतली बरीच आतून जंतांनी पोखरलेली असतात, थंडी नुसते निमित्त होते.

धारेच्या वेळी कास कोमट पाण्याने धुवून कोरड्या फडक्याने पुसावी. ओले सड थंड वाऱ्याने फुटतात, मग गाय लाथा मारते, दूध चढवते, आणि त्या चिरेतून दगडी आत शिरते. धार झाल्यावर सडांना थोडे लोणी किंवा ग्लिसरीन लावावे. म्हशींना भल्या पहाटे धुण्याचा नेम थंडीपुरता सोडावा, दुपारच्या उन्हात धुवावे. अंगावरचे केस वाढतात तसतशा उवा आणि गोचीडही वाढतात, तेव्हा उन्हात बांधल्यावर रोज खरारा करावा.

म्हशीच्या बाबतीत आणखी सांगायचे म्हणजे थंडीचे महिने हा तिचा माजाचा मुख्य काळ. ती गाईसारखी हंबरत नाही, मुका माज दाखवते, आणि तोही बहुधा रात्री किंवा पहाटे. आपण गोधडीत असतो. झोपण्यापूर्वी आणि पहाटे एकदा बॅटरी घेऊन मागून सोट लोंबतो आहे का ते पाहावे. एक माज हुकला की एकवीस दिवस गेले. असे दोन-तीन हुकले की थंडी संपते आणि मग पुढच्या पावसाळ्याची वाट बघावी लागते. आणि नुसत्या वाढ्यावरची, खनिजे न मिळालेली म्हैस मुळात माजावरच येत नाही.

गाडीतळावरचे बैल

हे दुसऱ्याचे बैल आहेत, पण ऊस आपला वाहतात, म्हणून दोन शब्द. बीड, पाटोदा, आष्टी, पाथर्डीकडून आलेल्या टोळ्या कोपीत राहतात आणि त्यांचे बैल कोपीबाहेर उघड्यावर. भरलेली टायरगाडी ओढून घामाने निथळलेला बैल पहाटे तीनला गाडीतळावर उभा राहतो तेव्हा त्याची दशा, वर सांगितलेल्या भिजलेल्या मेंढीसारखीच असते. गाडी सुटल्याबरोबर पोत्याने अंग पुसून झूल टाकली तर बराच फरक पडतो. बैलाला रोज दोन-तीन किलो खुराक आणि रात्री कडबा हवा, नुसत्या वाढ्यावर एवढे ओझे निघत नाही. १९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ओढकामाच्या जनावराला दिवसात नऊ तासांहून जास्त आणि सलग पाच तासांहून जास्त जुंपता येत नाही. खांदेसूज आलेला बैल जुंपू नये, मिठाच्या कोमट पाण्याने शेकून त्याला विश्रांती द्यावी. आपल्या फडात टोळी उतरली असेल तर गाडीवानाला चार पेंढ्या कडबा आणि बैलांना वाऱ्याआड जागा देणे सभासदाला जड नाही. पोळ्याला आपणही बैल पुजतोच की.

यात आपला स्वार्थही आहे. चार जिल्ह्यांची जनावरे गाडीतळावर एकत्र येतात आणि तिथून गावोगावच्या फडांत जातात. लाळ्या-खुरकूत अशीच पसरते. लम्पीने २०२२ साली काय केले ते सर्वांनी भोगले आहे. लाळ्या-खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी सरकारी दवाखान्यामार्फत मिळते. हंगामापूर्वीची लस आपल्या जनावरांना टोचली आहे का ते पाहावे. बाहेरचे बैल आपल्या हौदावर पाणी पिणार असतील तर त्यांच्यासाठी वेगळी टाकी भरून ठेवावी.

घासासाठी दहा गुंठे

एवढे सगळे सांगून झाल्यावर सभासद विचारतात, “घास आणायचा कुठून? सगळं रान तर उसाखाली.” प्रश्न बरोबर आहे. उसाचे क्षेत्र वाढवा म्हणून मागे लागणारे आमचेच खाते, तेव्हा हे उत्तर आम्हालाच दिले पाहिजे. दोन-तीन गाई असतील तर दहा गुंठे उसातून काढून चाऱ्याला द्यावेत. त्या दहा गुंठ्यांतला ऊस कमी झाल्याचे आम्हाला वाईट वाटणार नाही, कारण उसाचे बिल वर्षातून दोन-तीन हप्त्यांत येते आणि घरचा किराणा दर दहा दिवसांच्या दुधाच्या पगारावर चालतो. शिवाय शेणखत येते ते याच गोठ्यातून.

लसूणघास ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरावा. राहुरी विद्यापीठाचा आर. एल. ८८ हा वाण चांगला आहे, गुंठ्याला पाव किलो बी लागते आणि एकदा बसला की दोन-तीन वर्षे कापण्या देतो. ज्यांचा नोव्हेंबर हुकला त्यांनी ओट पेरावा. फुले हरिता वाण घ्यावा, गुंठ्याला एक किलो बी, पन्नास-पंचावन्न दिवसांत पहिली कापणी मिळते. ओटाला युरिया बेताने टाकावा आणि टाकल्याबरोबर आठवडाभरात कापून चारू नये. डिसेंबर उलटला असेल तर तेही राहू द्यावे. आता तुटणाऱ्या फडाचा जो तुकडा मोडायचा आहे तो नांगरून ठेवावा आणि जानेवारीअखेर गारठा ओसरला की त्यात आफ्रिकन टॉल मका पेरावा. गुंठ्याला पाऊण किलो बी पुरते. फार थंडीत मका उगवत नाही, तेव्हा घाई करू नये.